दोन्ही रूळ मोजा

दुकानात कोणी काटा दुरुस्तीला आणला की काका रिकामं पारडं करंगळीनं हलकेच टिचकावत, दोन्ही हात पाठीमागं घेत आणि म्हणत, "आधी रिकामा बघा." पारडं वरखाली व्हायचं, हळूहळू दमायचं आणि शेवटी कुठंतरी थांबायचं. तोवर गिऱ्हाइकानं बोलायचं नाही. मोंढ्यातला, म्हणजे धान्याच्या बाजारातला, एखादा अडत्या म्हणायचा, काका, बाहेर ट्रक उभा आहे, जरा जल्दी करा. त्यावर हे शांतपणे, "मी तर केली आसती. त्याला न्हाई ना घाई."

जालन्यात मस्तगडला त्यांचं काटे दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्यांना काटेवाले काका म्हणत, मीही तेच म्हणायचो. आजोबा राजस्थानातून आलेले. घरात मारवाडी, दुकानात आपल्यासारखीच मराठी. 'बराबर' हा शब्द ते दिवसातून पन्नासदा वापरत. आपणही वापरतो, पण आपल्याला बरेचदा 'चला, असू द्या' एवढंच म्हणायचं असतं. त्यांच्या तोंडी त्याचा एकच अर्थ होता.

मी समोरच्या घरात भाड्यानं राहायचो. भूमी अभिलेख खात्यात मोजणीला होतो, अजून आहे. ते मला मोजणीसाहेब म्हणत. तुम्ही जमीन मोजता, मी वजन बघतो, आपण एकाच धंद्यातले, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याविषयी मी चार लोकांत पुष्कळदा बोललो आहे. एक गोष्ट सोडून. ती आज सांगतो.

एका रविवारी सकाळी दुकान बंद दिसलं म्हणून मी त्यांच्या घरात डोकावलो. काकी दारात मेथी निवडत होत्या. काका कुठं आहेत विचारलं, तर म्हणाल्या, "गावाला गेलेत."

"कधी येतील?"

"गाडी परतूरला लागली की येतील." आणि मान न उचलता मागच्या बाजूला बोट केलं.

मागं पत्र्याचं गोदाम होतं. पूर्वी त्यात बियाण्याची पोती असत. आतून टकटक, टकटक असा बारीक, एकसारखा आवाज येत होता. दार लोटलं तर काका भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू चालत होते आणि त्यांच्या छातीच्या उंचीवर, फळीवरून, एक आगगाडी त्यांच्यासोबत चालली होती. डबा जेमतेम वीतभर लांब. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बोटानं 'थांबा' अशी खूण केली आणि गाडीबरोबर पुढं गेले. रांजणीचं स्टेशन आलं, गाडी थांबली, मग ते म्हणाले, "या. आता बोलायला हरकत न्हाई."

तुम्ही कधी खेळण्यातली आगगाडी पाहिली असेल तर ती डोळ्यांसमोर आणू नका. गोदामाच्या चारही भिंतींना एकावर एक अशा चार फळ्या, प्रत्येक फळीवर शेजारी शेजारी तीन पदर, आणि ती सगळी मिळून एकच लाइन. तळच्या फळीवर बदनापूरहून निघालेली गाडी भिंतीभिंतीनं फिरत, चढ चढत, जालना, रांजणी करत वरच्या फळीवर परतूरला पोचायची. पंचवीस-सव्वीस मिनिटं लागायची. ही जुनी मीटरगेजची लाइन होती, मोठी लाइन व्हायच्या आधीची. लहानपणी ते तिनंच परतूरला मावशीकडं जायचे. स्टेशनावरचं लिंबाचं झाड कोणत्या बाजूला, पाण्याची टाकी कुठं, सगळं जागच्या जागी.

रूळ सायकलच्या स्पोकचे होते. एकेक स्पोक सरळ करायचा, टोकं कापायची, पट्टीवर बसवायचा, पुढच्या स्पोकाला कथलाचा डाग द्यायचा. इंजिनात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. हे काम ते वीस वर्षं करत आले होते. इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि दुकानातली गर्दी कमी झाली तसा गोदामातला वेळ वाढला.

"वीज कुठून जाते हिला?" मी विचारलं.

त्यांना असा प्रश्न फार आवडायचा. मला खाली वाकवून त्यांनी दाखवलं. दोन रुळांपैकी भिंतीकडच्या रुळातून अधिक, अलीकडच्यातून उणे. एकातून येते, इंजिनातून जाते, दुसऱ्यातून परत. "दोघं दिसायला जुळे. पण एकमेकाला शिवले की गाडी बंद. म्हणून ह्याचा हिशेब अलग, त्याचा अलग." दोन्ही रुळांना त्यांनी पट्टीखालून वेगवेगळ्या रंगाच्या वायरी लावल्या होत्या, तांबडी आणि काळी. मी हे वाक्य तेव्हा नुसतं ऐकलं. पुढं जे झालं ते त्यातूनच झालं.

त्या दिवसापासून मी रविवारी तिकडं जाऊ लागलो. काकांना जगभरच्या अशा गाड्यांची फार उत्सुकता होती. मोबाइलवर ते त्याच शोधायचे. जर्मनीत हॅम्बुर्ग नावाच्या बंदरावर जगातली सगळ्यांत मोठी आहे, तिच्यात रुळांबरोबर डोंगर, विमानतळ, माणसं, सगळं आहे, हे त्यांनी मला किमान दहा वेळा सांगितलं असेल. "आन ती कशात हाय म्हाईत हे का? जुन्या गोदामात." हे सांगताना ते आपल्या पत्र्याकडं वर बघायचे. अमेरिकेत एकानं घराच्या तळघरात सुरू केली आणि ती एवढी वाढली की शेवटी तिच्यासाठी इमारत बांधावी लागली. ते विचारायचे, एवढ्या मोठ्या लाइनीवर धूळ कोण पुसत असेल? उंदरांचं काय करत असतील? जर्मनीत उंदीर असतात का? मला माहीत नसायचं. मग आम्ही दोघं तो व्हिडिओ पुन्हा लावून उंदीर शोधायचो.

मी एकदा म्हणालो, काका, तुमचीही मोठीच आहे की.

ते हसले नाहीत. "मोठी म्हंजे किती? एक किलोमीटर झाली की ती लाइन. त्याच्या आत खेळणं." हे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचलं नव्हतं, त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. मोंढ्यात लोक गमतीनं विचारायचे, काय काका, खेळणं कसं चाललंय? त्यांना राग यायचा नाही. पण किलोमीटर भरला की गोदामाचं दार उघडायचं, पाटी लावायची आणि गावाला बोलवायचं, तोवर नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. किती झाली ते मात्र त्यांनी कधी मोजलं नव्हतं. आपला माल आपण तोलायचा नाही, हा त्यांच्या धंद्याचा नियम. दुसऱ्यानं मोजायचं.

दुसरा म्हणजे मी.

त्या सुमारास त्यांचा उजवा हात थरथरू लागला होता. चहाची बशी वाजायची. काकींनी कप-बशी बंद करून पेला सुरू केला. एकदा माझ्यासमोर ते एका सांध्याला डाग देत होते. स्पोक निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा खाली पडला तेव्हा तो तसाच ठेवून ते स्टुलावर बसले आणि हाताकडं बघत म्हणाले, "ह्यो काही आता वजनात न्हाई राह्यला." मग थोड्या वेळानं, "साहेब, मोजून द्या. किलोमीटर झाली आसंल तर बंद करतो."

मी दोन रविवार मोजलं. ते फितीचं शून्य धरायचे, मी आकडा वाचायचो. वळणावर आतला रूळ कमी भरतो, बाहेरचा जास्त. मी म्हणालो, कोणता धरू? ते म्हणाले, "दोन्ही रूळ मोजा. बराबर." त्यांच्या मनात काही खोट नव्हती. त्यांच्या लेखी ते दोन होतेच, एक तांबड्या वायरीचा, एक काळ्या वायरीचा. आणि आपल्या भाषेनंही त्यांना साथ दिली. एका लोखंडी सळईलाही आपण रूळ म्हणतो आणि दोन मिळून होणाऱ्या वाटेलाही रूळच म्हणतो.

मला मात्र कळत होतं. पहिल्या रविवारी नाही, पण मधल्या आठवड्यात कळलं. रस्त्याच्या दोन्ही कडा मोजून त्याची बेरीज कोणी रस्त्याची लांबी म्हणून सांगत नाही. वीस वर्षं नकाशे काढणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. तरी मी त्या हॅम्बुर्गची माहिती उघडून पाहिली. तिथंही जोडी मिळून एकच धरतात. दुसऱ्या रविवारी बेरीज आली बाराशे ऐंशी मीटर. माझ्या वहीत मी खाली पेन्सिलीनं भागाकार केला होता: सहाशे चाळीस. तो आकडा मी खोडरबरानं पुसला आणि वही त्यांच्यापुढं धरली.

आजवर हे मी स्वतःला असं सांगत आलो की त्यांच्या हाताची दया आली. आली होती, खोटं नाही. पण तेवढंच नव्हतं. माझी नोकरी अशी की मोजणी झाली की दोन भावांपैकी एक तरी मला शिव्या देतो. अंबडकडं, तीर्थपुरीकडं, कुठंही जा, हद्दीची खूण रोवली की कोणाचा तरी चेहरा उतरतो. मी मोजल्यानं कोणी खूश झालाय असं एकदाही झालं नव्हतं. मला ते एकदा बघायचं होतं.

आणि बघायला मिळालं. काकांनी चष्मा लावून आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग दाराशी जाऊन काकींना हाक मारली आणि सांगितलं, "लाइन झाली." काकी ओला हात पदराला पुसत आल्या, चारी भिंतींकडं नवीनच काही पाहिल्यासारखं पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग आता जेवायला येळेवर येणार म्हणा."

पुढच्या महिन्यात गोदाम उघडलं. दाराला झेंडूचं तोरण, बाहेर मोठी पाटी: बदनापूर ते परतूर, एकूण लांबी १२८० मीटर. खाली माझं नाव आणि हुद्दा. मोंढ्यातले अडते, गल्लीतल्या बायका, शाळेचे मास्तर, सगळे आले. मला शाल दिली. जे कालपर्यंत खेळणं म्हणत होते तेच आता आपल्या पाहुण्यांना घेऊन येत आणि पाटी वाचून दाखवत. काका दिवसभर उभे राहून उंदरांपासून विजेपर्यंत सगळं सांगत. कामाचा चिमटा त्यांनी धुऊन, तेल लावून डब्यात ठेवून दिला होता.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी परतूरकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. रेल्वेत चावीवाले होते. म्हणजे खांद्यावर हातोडा घेऊन रोज ठरलेल्या टप्प्यात लाइन चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या ढिल्या झालेल्या चाव्या ठोकायच्या, हे काम. ते आधी गाडीबरोबर चालत गेले. पायानं नाही, डोळ्यानं मोजत होते हे मला दिसत होतं. मग बाहेर येऊन पाटी वाचली. पुन्हा आत गेले. आणि सगळ्यांसमोर, अगदी प्रेमानं म्हणाले, "मालक, काम लई भारी हे. पण लांबी दुप्पट झाली ना. दोन रूळ म्हंजी एकच लाइन. मी तीस वर्षं दोन्ही रूळ तपासले, पगार एकाच लाइनीचा भेटला."

लोक हसले. वाक्य हसण्यासारखंच होतं. काका हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले.

"साहेब, बराबर हे का हे?"

अजूनही हो किंवा नाही म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात." ऑफिसात रोज म्हणतो ते वाक्य. ते ऐकून माणसं परत जातात म्हणून आम्ही ते म्हणतो.

काका परत गेले नाहीत. थोडा वेळ रुळाकडं बघत उभे राहिले, ओठ हलत होते. भागाकार करत असावेत. मग आत जाऊन स्टूल आणलं, वर चढले आणि पाटी स्वतः उतरवली. कोणी मदत करू लागला तर त्याला नको म्हणाले.

संध्याकाळी ते माझ्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. खुर्चीवर टेकले नाहीत. विचारलं, "तुम्हाला कधी समजलं?"

मी म्हणालो, "आत्ताच, काका. तुमच्यासोबतच."

त्यांनी मान हलवली आणि हात जोडले. थरथरणारे हात जोडून मला म्हणाले, "माफ करा साहेब. दोन्ही मोजा म्हणलो मीच. चार लोकांत तुम्हाला खाली बघावं लागलं माझ्यापायी."

इथं थांबून सांगतो, तेव्हाही खरं सांगायचं सोडून मी त्यांना पाणी विचारलं. ते गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मोंढ्यात दुकानोदुकानी जाऊन सांगितलं की चूक माझी होती, मोजणीसाहेबांचा काही दोष नाही, मीच उलटं सांगितलं. काही टवाळ लोक मुद्दाम काटा घेऊन यायचे आणि विचारायचे, काका, दोन्ही पारडी मोजायची का एकच? ते काटा घ्यायचे, रिकामं पारडं टिचकावायचे आणि ते थांबेपर्यंत गप्प उभे राहायचे.

गोदामातून पुन्हा टकटक ऐकू येऊ लागली. डब्यातला चिमटा निघाला होता. परतूरच्या पुढं सेलूपर्यंत नेतो म्हणाले. तीनशे साठ मीटर राहिले होते. सेलू ही त्यांची सासुरवाडी. काकी म्हणाल्या, "आता सुचलं. चाळीस वर्षं म्हणत होते, जायला येळ न्हाई."

मी पूर्वीसारखा जात नव्हतो. जाऊन काय बघायचं होतं? थरथरणाऱ्या हातानं एका सांध्याला अर्धा तास लागायचा, हे न बघताही समजायचं. नंतर माझी बदली झाली. निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते परतूरच्या पुढं दोन हात गेले होते. घाईत होते. म्हणाले, "येत जा. पण मोजू नका आत्ताच."

मी गेलो नाही. दोन वर्षं. मग ते गेल्याचं कळलं, तेही महिन्यानंतर, अंतरवाली सराटीच्या चौकात चहा पिताना. मोजणीला आलो होतो. शेजारचा व्यापारी सहज म्हणाला, ते मस्तगडचे काटेवाले वारले ना.

पुढच्या रविवारी मी जालन्याला गेलो. काकी दारातच होत्या. या, म्हणाल्या, आणि काही न विचारता मला गोदामात घेऊन गेल्या. धूळ पुसलेली होती. परतूरच्या पुढं उतार देऊन, मधोमध नवीन टेबलं मांडून लाइन नागमोडी नेली होती. हे रूळ पहिल्यासारखे नव्हते. सांध्यासांध्याला कथलाचे मोठाले थेंब, पट्ट्या तिरक्या. पण तुटलेलं कुठं नव्हतं. टेबलाच्या टोकाला एक वही खिळ्याला टांगली होती. वर लिहिलं होतं, 'एकच रूळ धरून.' खाली रोजचे आकडे. कधी एक मीटर, बहुतेक दिवशी वीतभर. किती तरी पानांवर नुसती तारीख आणि शून्य. मोजून दिलं होतं समोरच्या शिंप्यानं. शेवटची बेरीज आठशे एकाहत्तर.

काकींनी बटण दाबलं. बदनापूरहून गाडी निघाली. "बसा," त्या म्हणाल्या, "यायला पाऊण घंटा तरी लागंल. हळू चालवते मी."

गाडी जालन्याला पोचायच्या आत मी बोलायला सुरुवात केली. पेन्सिलीचा भागाकार, खोडरबर, त्या संध्याकाळी दिलेलं उत्तर, सगळं सांगितलं. शब्द मागंपुढं झाले असतील, पण गाळलं काही नाही. काकी ऐकत होत्या आणि डोळे गाडीवर होते. रांजणीला गाडी थांबली. त्या उठून गेल्या, पुन्हा चालू करून आल्या.

"म्हंजे दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "हे बाजारात तुमच्या वाटचं ऐकून घेत राह्यले."

मी हो म्हणालो.

"त्यांना सांगायचं होतं तुम्ही. मला सांगून काय फायदा."

त्या रागावल्या असत्या, रडल्या असत्या तर मला काही करता आलं असतं. त्या नुसत्या बसून राहिल्या. परतूर आलं आणि मागं पडलं. पुढच्या वेड्यावाकड्या रुळांवर गाडी हेलकावे घेत, कुठं अडखळत, पण न थांबता येत होती. प्रत्येक सांध्याला डबे उचकी लागल्यासारखे हलत होते.

गाडी शेवटच्या टेबलावर वळली तशा काकी उठल्या. टेबलाच्या कडेला रूळ नुसतेच संपले होते, पुढं अडवायला काही नव्हतं, खाली फरशी. त्यांनी रुळांच्या टोकाशी आडवा तळहात धरला. इंजिन हळूच येऊन त्याला टेकलं. गाडी थांबली, पण चाकं जागच्या जागी फिरतच राहिली. बटण पलीकडच्या भिंतीला होतं. मी ते बंद करायला उठलो तर काकींनी मानेनं नको म्हटलं आणि तशाच, हात लावून, उभ्या राहिल्या.